पाटावरची ऊब

डोंगरावरची घोडी दिसेनाशी झाली ती मार्चच्या शेवटच्या आठवड्यात. एल बोर्दोमध्ये हे कुणी कुणाला सांगायला लागत नाही. गावातल्या प्रत्येक स्वयंपाकघराची खिडकी त्या डोंगराकडे आहे, आणि हिवाळाभर वरच्या उतारावर बर्फ साठत गेलं की तिथे त्या बर्फाचीच एक घोडी उभी राहते. उन्हं तापली की आधी तिचे पाय वितळतात, मग मान तुटते. मान शेतकऱ्यांच्या संताच्या, सान इसिद्रोच्या सणापर्यंत, म्हणजे मेच्या मध्यापर्यंत टिकली तर पाटाला ऑगस्टपर्यंत पाणी, असा गावाचा जुना अंदाज. यंदा घोडीला पाय फुटलेच नाहीत. जानेवारी कोरडा गेला. फेब्रुवारीत दोनदा भुरभुर झाली, तीही दुपारपर्यंत वाऱ्याने उडवून नेली. मार्च सरता सरता वर पाठीचा तेवढा एक पांढरा पट्टा उरला. सेल्सा माएस्तास रोज सकाळी कॉफीचा कप घेऊन अंगणात यायची, त्या पट्ट्याकडे बघायची आणि उरलेली कॉफी मातीत ओतून आत जायची.

सेल्सा गावाची पाटकरीण होती. नदीवरच्या बांधापासून ओनेसिमोच्या घरापर्यंत दोन मैल पाट, त्यावर एकोणीस शेतं. पाणी कुणाला कधी, कुणाचं दार किती वेळ उघडं, हे पाटकऱ्याने ठरवायचं आणि शिव्याही त्यानेच खायच्या. गेल्या वर्षी गावाने पहिल्यांदाच या कामाला बाई निवडली. पुरुषांपैकी कुणालाच ते नको होतं म्हणून निवडली, असं जर्दाळूची बाग असलेला लेआंद्रो म्हणायचा. दीडशे वर्षं पुरुषांनी केलं म्हणूनच पाटाची ही दशा झाली, असं सेल्सा म्हणायची. दोघं एका वर्गात शिकलेली, त्यामुळे हे असं चालायचंच.

पण या वर्षी तिला रात्रंदिवस एकच भीती होती, आणि ती पाण्याची नव्हती. पाणी कमी पडलं तर पीक जातं, पुढच्या वर्षी पुन्हा पेरता येतं. तिला भीती होती ती आगीची. तीन वर्षांपूर्वी डोंगरापलीकडच्या खोऱ्यात वणवा शिरला होता. सेल्साची मावसबहीण रोसेन्दा तिथे राहायची. आठवड्याने पोलिसांनी आत जाऊ दिलं तेव्हा सेल्सा तिच्याबरोबर गेली. घराच्या जागी लोखंडी चूल उभी होती आणि चुलीवर बीन्सचं पातेलं तसंच होतं. रोसेन्दाने झाकण काढून आत बघितलं आणि पुन्हा नीट लावलं. ते झाकण लावणं सेल्साच्या डोक्यातून जात नव्हतं.

आणि तरीही मार्चमध्ये काडी तिनेच ओढली होती.

त्याचं असं झालं. दर वर्षी मार्चच्या दुसऱ्या शनिवारी सगळं गाव फावडी घेऊन पाटावर येतं. गाळ काढायचा, झुडपं छाटायची, आणि मग पाटातलं, काठावरचं वाळलेलं गवत पेटवून द्यायचं. पहिली काडी पाटकऱ्याची. गवत जळून गेलं की सोमवारी नदीवरच्या बांधाचं दार उचलायचं. पाणी राखेवरून धावत पाटाच्या शेपटापर्यंत जातं आणि कुठे काही धुमसत राहिलं असेल तर ते विझवून टाकतं. आग पुरती विझली का, हे एल बोर्दोत कधी कुणी वाकून बघितलेलं नाही. बघायची गरजच नसायची. त्या दिवसांत काठाच्या सावलीतही घोट्याएवढं बर्फ असायचं.

त्या शनिवारी बर्फ कुठेच नव्हतं. लेआंद्रो म्हणाला, "काठ बघ. बुटाखाली कुरकुरतोय. यंदा राहू दे."

सेल्साच्याही मनात तेच होतं. पण अठरा घरची माणसं फावड्याला टेकून तिच्या तोंडाकडे बघत होती, आणि बाईमाणूस घाबरलं असं कुणी म्हणायला नको, हेही मनात होतंच. तिने ओनेसिमोला विचारलं. ओनेसिमो त्र्याऐंशी वर्षांचा, पाटाच्या शेवटच्या घरात एकटा राहणारा. त्याने तीस वर्षं पाटकरीपण केलेलं.

"आज शनिवार. परवा पाणी येतंय," तो म्हणाला. "पेटव पोरी. परवा सगळं विझेल."

उत्तर दुसऱ्या कुणी दिलं याचं तिला इतकं बरं वाटलं की तिने पुढे विचारच केला नाही. तिने काडी ओढली. दिवस थंड होता, वारा नव्हता, गवत छान जळलं. सोमवारी तिने नदीचं दार उचललं. पाणी आलं ते घोट्याएवढं. पहिल्या मैलातच कोरड्या पाटाने ते पिऊन टाकलं आणि लेआंद्रोच्या शेतापुढे नुसता चिखल गेला. शेपटापर्यंत पाणी पोचलंच नाही. त्या दिवशी नाही आणि पुढच्या पाच आठवड्यांतही नाही.

एप्रिलच्या त्या मंगळवारी सकाळी सात वाजता सेल्सा टॉर्टिया लाटत होती आणि रेडिओवर वाऱ्याचा इशारा चालू होता. दुपारी बारापासून नैऋत्येचा वारा, झोत ताशी पन्नास मैलांचे, उघड्यावर काहीही पेटवू नका. तेवढ्यात फोन वाजला. ओनेसिमो होता, आपल्या कुत्र्याची, चातोची, तक्रार घेऊन.

"सेल्सा, आमच्या चातोला काय झालंय कळत नाही. मला सोडून पाटावर झोपायला जातो."

"बरोबरच आहे. तुम्ही घोरता, काका."

"घोरतो ते काय आज? नऊ वर्षं पायाशी झोपतोय. आता चार दिवस झाले, पहाटे दार ओरबाडतो. सोडलं की सरळ त्या जुन्या पॉप्लरच्या बुंध्यापाशी जातो आणि वेटोळं करून पडतो. काल पहाटे हातपाय आखडले एवढी थंडी, आणि हा तिथे राजासारखा पसरलेला. म्हातारा झाला वाटतं. आपल्यासारखाच."

सेल्साचा लाटणारा हात थांबला. त्या बुंध्यापाशीही मार्चमध्ये गवत पेटवलं होतं.

"काका, त्याला तिथून उठवा."

"कशाला? पडला तर पडू दे की."

"उठवा म्हणते ना. मी येतेय. आणि बुंध्यापाशी खणू नका, काही करू नका."

तिने शेगडी बंद केली. दारापर्यंत गेली, परत आली आणि शेगडी खरंच बंद आहे का ते पुन्हा बघितलं.

ओनेसिमोच्या घरापाशी पाट संपतो. पूर्वी तिथे तीन माणसांच्या कवेत न मावणारा पॉप्लर होता. तो कधीच तोडला, बुंधा तेवढा काठात राहिलेला. पलीकडे कमरेएवढं वाळकं गवत आणि त्यापलीकडे पाइनचं रान, ते थेट गावाच्या डोक्यावरून डोंगरावर चढतं. नैऋत्येचा वारा सुटला तर त्याला गावात शिरायला हाच रस्ता. सेल्सा गाडीतून उतरली तेव्हा चातो बुंध्यापासून हाकलला गेल्यामुळे रुसून अंगणात बसला होता.

ती गुडघ्यावर बसली, हातमोजा काढला आणि तळवा मातीवर ठेवला. भोवतालची जमीन बर्फासारखी गार होती. कुत्र्याच्या अंगाएवढी ती जागा मात्र उबदार होती, नुकत्याच विझवलेल्या चुलीच्या कट्ट्यासारखी. तिने हात तसाच ठेवला. काढला तर हे खरं होईल असं तिला वाटत होतं.

"काय गं?" मागून ओनेसिमोने विचारलं.

"मूळ जळतंय, काका. मार्चपासून."

म्हातारा काठी टेकत जवळ आला, वाकवेना म्हणून बूट काढून त्याने मोज्यातला पाय त्या मातीवर ठेवला. मग पाय मागे घेतला आणि बूट घालायलाही विसरला.

सेल्साने फावड्याने कडेची माती हलकेच सारली. वीतभर खाली पांढरी राख होती. राखेत माणसाच्या मांडीएवढं मूळ लालभडक झालेलं. वरून हवा लागली तसं ते श्वास घेतल्यासारखं उजळलं आणि एक ठिणगी तिच्या बाहीवरून गवताकडे गेली. तिने झडप घालून ती बुटाखाली चिरडली आणि फावडं-फावडं माती परत वर लोटली. खणलं तर हवा लागणार, न खणलं तर आग मुळातून पुढे सरकत राहणार. आणि पाच तासांनी वारा.

तिने आग विझवणाऱ्यांना फोन केला. पलीकडची बाई शांतपणे म्हणाली की गावचा बंब पहाटेपासून खालच्या खोऱ्यातल्या आगीवर आहे, दोनपर्यंत पाठवते, तोवर माती टाकत राहा. दोन वाजेपर्यंत काय उरेल, ते सेल्साने विचारलं नाही. बाईलाही ते माहीत असावं, कारण तिने नीट पत्ता घेऊन शेवटी विचारलं, "घरात किती माणसं आहेत?"

ओनेसिमोच्या विहिरीतून सहा बादल्या निघाल्या. सातवीला चिखल आला. सहा बादल्या त्या मातीने फुर्र करून पिऊन टाकल्या, आणि घटकाभराने जमीन पुन्हा तेवढीच उबदार.

"काका, तुम्ही माझ्या घरी चला."

"कशाला? तू सकाळी कॉफी मातीत ओततेस म्हणे. असल्या घरी मी पाहुणा येत नाही."

"मी थट्टा करत नाहीये."

"मीही नाही. ह्या खोलीत मी जन्मलो, पोरी. ह्याच खोलीत तुझी एलोयसाकाकू गेली. मी कुठे जात नाही."

मग सेल्साने लेआंद्रोला फोन लावला. पाटात जे काही पाणी होतं ते सगळं त्याच्या जर्दाळूच्या बागेत जात होतं.

"बोला पाटकरीणबाई. गुरुवारपर्यंत पाळी माझी आहे. तूच दिलीयस."

"लेआंद्रो, तुझ्या बागेचं दार पाड. सगळं पाणी खाली सोडायचंय."

"का?"

"शेपटाला मूळ धुमसतंय. पॉप्लरचं."

फोनमधून बागेतल्या पाण्याची खळखळ ऐकू येत होती.

"मी म्हणालो होतो," लेआंद्रो म्हणाला.

"म्हणाला होतास."

"काडी कुणी लावली?"

"मी."

"चार वर्षांनी यंदा फूल टिकलंय, सेल्सा. दरवेळी थंडी मारते, यंदा टिकलंय. आत्ता पाणी तोडलं तर फळ धरणार नाही."

"माहीत आहे मला."

तिला वाटलं, आता तो आणखी ऐकवेल. तिला ते हवंही होतं. पण तो म्हणाला, "थांब, बूट घालतो. माझं दार पाडतो आणि वर जाऊन नदीचंही पूर्ण उचलतो. बाकीच्यांना बायको फोन करेल, कुणी दार उघडं ठेवायचं नाही. तू पाण्याबरोबर चाल. ते एकटं पोचणार नाही."

लेआंद्रोच्या बागेपाशी ती पाटात उतरली तेव्हा आठ वाजून गेले होते. पाणी आलं, गुडघ्याच्या निम्म्याएवढं. पुढे फेस आणि पानं ढकलत, मार्चमधली राख उचलत, काळं होत ते चालू लागलं. सेल्सा त्याच्या तोंडापुढे चालत होती. सुरुवातीला तिला भराभर पाय उचलावे लागले. अर्ध्या मैलावर पाणी तिच्या चालीने आलं. पुढे तीच थांबून त्याची वाट बघू लागली.

कोरडा पाट म्हणजे भोकांचं घर. पाच आठवड्यांत घुशींनी तळ पोखरून टाकला होता. पाणी एखाद्या बिळात शिरलं की भोवरा फिरायचा आणि सगळा लोंढा तिथेच गडप व्हायचा. सेल्सा टाच मारून बीळ चेचायची, फावड्याने माती दाबायची आणि पुढच्या बिळाकडे धावायची. ती एकसष्ट वर्षांची होती. चर्चच्या वळणावर एवढं मोठं भगदाड निघालं की माती पुरेना. तिने अंगातला चांगला कोट काढून त्यात कोंबला, वर दगड टाकले आणि स्वतः त्यावर उभी राहिली. पाणी घोट्याला लागून पुढे सरकलं. थंडीने दात वाजत होते आणि ती मोठ्याने पाण्याला म्हणत होती, "चल, बाई, चल. पुढे चल." कुणी ऐकलं असतं तर वेडी म्हटलं असतं. तिला पर्वा नव्हती. देवाशी बोलायची तिला त्या दिवशी लाज वाटत होती, म्हणून ती पाण्याशी बोलत होती.

साडेदहाला वरच्या पाइनचे शेंडे पहिल्यांदा सळसळले. अजून पाव मैल होतं. पाणी आता बोटभर झालं होतं.

तिने मान वर करून बघितलं तर शेपटाकडे अजून धूर नव्हता. तिच्या मनात सारखं रोसेन्दाचं ते झाकण येत होतं. आपण ह्या गावाला जाळलं, असं तिला वाटलं, आणि ते इतकं स्पष्ट वाटलं की जणू झालंच आहे आणि ती नुसती उशिरा पोचते आहे.

अकरा वाजून गेल्यावर ती वळणावरून आली तेव्हा ओनेसिमो पाटात गुडघ्यांवर बसलेला दिसला. वाकता न येणारा म्हातारा. त्याने कोंबड्यांच्या खुराड्याच्या फळ्या उपटून बुंध्याच्या खालच्या अंगाला आडव्या रोवल्या होत्या आणि गवताचे मातीसकट थापे लावून बांध घातला होता. पाणी तिथे येऊन अडलं आणि हळूहळू साचू लागलं. तीस वर्षांचं पाटकरीपण त्या बांधात होतं.

"उशीर केलास," तो म्हणाला.

"बिळं होती."

"असणारच. मी असतो तर मार्चमध्येच बुजवली असती." मग जरा थांबून, "मी असतो तर काडी पण मीच लावली असती. तुला पेटव म्हणालो तो मीच."

ती बादली भरू लागली. माती उकरून मुळावर पाणी ओतलं की वाफेचा लोट तोंडावर यायचा आणि मूळ सापासारखं फुत्कारायचं. ओतायचं, ढवळायचं, पुन्हा ओतायचं. वारा आता झोताझोताने येत होता आणि वाफ आडवी पडत होती. किती बादल्या झाल्या ते दोघांनीही मोजलं नाही. शेवटी सेल्साने कोपरापर्यंत हात त्या चिखलात घातला आणि मुळाच्या पोटाखाली चाचपलं. सगळीकडे गार. अजून खोल घातला. गार. ती तशीच चिखलात बसून रडली. ओनेसिमो दुसरीकडे बघत राहिला आणि बराच वेळ नाक शिंकरत बसला.

"आत ये. बीन्स चढवलेत," तो म्हणाला. "लाल मिरची टाकलीय. कोट कुठाय तुझा?"

"चर्चच्या वळणावर, घुशीला दिला."

म्हातारा हसला. पाच आठवड्यांत पहिल्यांदाच तीही हसली.

तेव्हा चातो अंगणातून आला. सकाळपासून हाकलून लावलेला, आता कुणी ओरडत नाही म्हणून तो आपल्या जागेपाशी गेला. चिखल हुंगला, पंजा झटकला. त्याला काही ते पसंत पडलं नाही. काठावरून उतरून तो पाटापासून दूर, घराच्या बाजूच्या वाळक्या गवतात शिरला. पंधराएक पावलं गेला. तिथे जमीन हुंगली, स्वतःभोवती तीन फेऱ्या मारल्या आणि वेटोळं करून डोळे मिटले.

सेल्सा उठली आणि गवत बाजूला करत त्याच्याजवळ गेली. चिखलाने बधिर झालेला हात आधी अंगाला पुसला, म्हणजे नीट कळेल. मग कुत्र्याच्या शेजारी जमिनीवर टेकवला.

तिने मागे वळून पाटाकडे बघितलं. बांधात आता तळाशी काळं डबकं तेवढं होतं आणि वरून येणारी धार थांबली होती. नदीने दिलं ते एवढंच. डोंगरावर पांढरं काही दिसत नव्हतं, कारण वाऱ्याने धूळ उठली होती.

ओनेसिमोने तिच्या तोंडाकडे बघितलं. तिने त्याला चला म्हटलं नाही. तो स्वतःच काठी टेकत आत गेला. शेगडी बंद केल्याचा खटका ऐकू आला. बाहेर आला तेव्हा डोक्यावर सणाची हॅट होती, आणि काखेत सान इसिद्रोची लाकडी मूर्ती, जी मेमध्ये शेतांतून मिरवतात.

"ह्यालाही नेतो," तो म्हणाला. "ह्याच्या सणाला अजून महिना आहे." त्याने चातोला शीळ घातली. चातो उठायला तयार नव्हता. म्हाताऱ्याने त्याचा पट्टा धरून त्याला त्या उबेवरून ओढत गाडीपर्यंत नेलं, आणि दार लावताना घराकडे एकदाही बघितलं नाही.

सेल्साने बादली डबक्यात बुडवली. ती अर्धीच भरली. ती घेऊन ती गवतात परतली आणि फावडं हातात घेतलं.